हॉथॉर्नचे कुंपण मुंबईत होईल का? नाही तर पक्ष्यांसाठी वई कशाची करावी?

मुलुंडकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आमची गृहनिर्माण संस्था मुलुंड पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला जवळजवळ टेकून आहे. मागच्या संरक्षक भिंतीच्या आतल्या बाजूने साधारण ७० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी मातीची पट्टी आहे. तिथे आजवर सोनेरी ड्युरांटाची रांग होती. ती बरीचशी वाळली असल्यामुळे व्यवस्थापक समितीने यंदा नवीन लागवडीला मान्यता दिली आहे आणि झाडे निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

इंग्लंडमध्ये शेतांच्या कडेने हॉथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाची कुंपणे असतात, त्यांना पांढरी फुले आणि लाल फळे येतात आणि पक्षी त्यांत घरटी बांधतात, असे वाचल्यापासून ते झाड डोक्यातून जात नाही. त्याच्या बिया ऑनलाइन विकत मिळतात असेही दिसते. हे झाड मुंबईच्या हवेत जगेल का? जगणार नसेल, तर काटा, फूल, फळ आणि आडोसा या चारही गोष्टी देणारे आपल्याकडचे झुडूप कोणते? साप आणि डास यांच्या धास्तीने दाट झाडीला विरोध करणारे सभासद आमच्याकडे पुष्कळ आहेत, हेही ध्यानात घेऊन उत्तरे द्यावीत, ही विनंती.

वृंदा_लीड्स
मी मूळची दादरची, आता लीड्सला असते, आणि आमच्या घरामागच्या हद्दीवर हॉथॉर्नच आहे, म्हणून पहिला प्रतिसाद मी देते. येथे त्याची लागवड नोव्हेंबर ते मार्च या काळात, झाड निद्रिस्त असताना होते. मुळांवर माती नसलेल्या बारीक काड्या जुड्यांनी मिळतात. त्या दोन ओळींत, एकमेकींच्या मधल्या जागेत येतील अशा, मीटरला साधारण पाच या हिशेबाने लावतात आणि लावल्याबरोबर शेंडे चांगलेच खाली कापतात. असे कापले नाही तर झाड वर पळते आणि बुडाशी उघडे पडते. पुढे काही वर्षांनी खोडे जाड झाली की ती बुंध्याजवळ जवळजवळ आरपार चिरून, साल आणि थोडे लाकूड शाबूत ठेवून, एका दिशेने आडवी वाकवतात. त्या आडव्या खोडांतून उभे धुमारे फुटतात आणि मेंढरूसुद्धा शिरणार नाही अशी दाट वीण तयार होते.

झाडाला आधी पाने येतात आणि मे महिन्यात फुले. फुलांचा वास मात्र सर्वांना आवडेल असा नाही, त्याला किंचित कुजकी छटा असते आणि ती फुले घरात आणू नयेत असा येथे जुना समज आहे. शरद ऋतूत लाल फळे धरतात. हिवाळ्यात स्कँडिनेव्हियाकडून येणारे कस्तुराच्या कुळातले फील्डफेअर आणि रेडविंग हे पक्षी या फळांवर तुटून पडतात.

एक गोष्ट इतिहासातली. ही कुंपणे पक्ष्यांसाठी लावलेली नव्हती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत संसदेने कायदे करून गावांच्या सामायिक जमिनींना खासगी हद्दी घातल्या, त्या वेळी मैलोन्‌मैल हॉथॉर्न लावले गेले आणि अनेक गरिबांची गायराने गेली.

गोरेगावचा_गप्पिष्ट
म्हणजे ‘कुंपणच शेत खाते’ ही आपली म्हण साहेबाने शब्दशः अमलात आणली होती म्हणायची.

रानवाटा
मुलुंडकर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हॉथॉर्न, म्हणजे क्रॅटेगस मोनोगायना, हे गुलाबाच्या कुळातले आणि समशीतोष्ण हवेचे झाड आहे. हिवाळ्यात पाने गाळून त्याला बरेच आठवडे कडक थंडीत राहावे लागते, तेव्हा कुठे वसंतात कळ्या फुटतात. मुंबईत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि तेही जानेवारी १९६२ मधले. एरवीच्या जानेवारीत पहाटेचा पारा पंधराच्या खाली गेला तरी वर्तमानपत्रांत बातमी होते. शिवाय त्याचे बी कठीण कवचाचे असून आधी उबदार आणि मग थंड अशा ओलसर काळातून गेल्याशिवाय ते रुजत नाही. इंग्लंडमध्येही पेरलेल्या बियांना कोंब येण्यासाठी बहुधा दुसऱ्या वसंताची वाट पाहावी लागते. त्यामुळे ऑनलाइन पाकिटावर पैसे घालवू नयेत. या झाडाचे भाऊबंद आपल्या देशात काश्मीर आणि हिमाचलकडे आढळतात, त्यांना तिथेच सुखाने राहू द्यावे.

गोरेगावचा_गप्पिष्ट
थोडक्यात, मुंबईत हॉथॉर्न लावायचा तर आधी थंडी मागवावी लागेल, आणि तिची ऑनलाइन डिलिव्हरी अजून सुरू झालेली नाही.

देवगडचा_गडगा
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो आणि ते एका शब्दाचे आहे: करवंद.

आता सविस्तर. माझे गाव देवगड तालुक्यात. आमच्याकडे बागेला जांभ्या दगडाचा गडगा घालतात, आणि गुरे गडग्यावरून उड्या मारू लागली की त्यावर करवंदीची तोडलेली शिरी, म्हणजे काटेरी फांद्या, रचतात. जिथे गडगा नाही तिथे करवंदीची जिवंत जाळीच हद्द सांभाळते. या झुडपाची फांदी एकदा हातात घेऊन नीट पाहा. पाने समोरासमोर, जाड आणि तुकतुकीत असतात. पेऱ्यापाशी सरळ, टणक काटे जोडीने निघतात आणि काही काटे टोकाशी पुन्हा दुभंगलेले असतात. फांदी मोडली की लगेच पांढरा चीक येतो. तो हाताला लागला तर साबणाने सुटत नाही, आधी खोबरेल तेल चोळावे लागते. या काट्यांमुळे आणि चिकामुळे शेळीसुद्धा जून झुडपाच्या वाटेला फारशी जात नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जुईसारखी पांढरी, सुवासिक फुले येतात आणि एप्रिल-मेमध्ये फळे. बुलबुल, कोकीळ आणि तांबट ती फळे खातात, आणि माणसांची पोरेही खातात. झाड बारमाही हिरवे असते, हलक्या मुरमाड जमिनीत तग धरते आणि एकदा जीव धरला की उन्हाळ्यात पाण्यासाठी रडत नाही. तुम्ही मागितलेल्या चारही गोष्टी यात आहेत. साहेबाच्या झाडाचे कौतुक जरूर करावे, पण तुमच्या भिंतीपलीकडच्या डोंगरावर जे झाड आपले आपण वाढते आहे, त्याच्यासाठी लांब जाण्याचे कारण मला दिसत नाही.

अबोली_विलेपार्ले
मे महिन्यात बोरिवलीला स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानांच्या द्रोणात काळी करवंदे घेऊन बसतात, ती आणि बाजारात लोणच्यासाठी येणारी मोठी, गुलाबी-पांढरी करवंदे, यांतली कुंपणाला कोणती बरी? आणि केकवर जी लाल ‘चेरी’ मिळते ती पुष्कळदा पाकवलेले करवंदच असते, हे येथे किती जणांना ठाऊक आहे?

देवगडचा_गडगा
अबोलीताई, दोन्ही चालतात. मोठ्या फळाची रोपे रोपवाटिकेत सहज मिळतात. रानातली काळी करवंदे पक्ष्यांना अधिक सोयीची, कारण फळ लहान असते आणि चोचीत मावते. बी मात्र ताजे असतानाच पेरावे लागते. फळ खाल्ल्यावर गर धुऊन लगेच पिशवीत टाकले तर चांगले रुजते, आणि वाळवून डब्यात ठेवले तर पुढच्या वर्षी त्यातले फारसे काही उगवत नाही. केकवरच्या चेरीबद्दल आपण म्हणता ते खरे आहे.

वसंत_कांदिवली
मी आमच्या संस्थेचा सचिव आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे. करवंद रानात शोभते. संस्थेच्या आवारात मुले चेंडूच्या मागे धावतात, ज्येष्ठ नागरिक संध्याकाळी फेऱ्या मारतात, आणि छाटलेल्या काटेरी फांद्या उचलायला एकही सफाई कामगार तयार होत नाही. त्यात त्याचा काही दोष नाही, कारण काटा त्याच्या हातात घुसतो, आपल्या नव्हे. सोनेरी ड्युरांटा नीटनेटका दिसतो, महिन्यातून दोनदा कात्री फिरवली की काम संपते, आणि सभासदांच्या तक्रारी येत नाहीत. पक्ष्यांना राहायला शेजारी सुमारे १०० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांनी आमच्या ७० फुटांवर अवलंबून राहण्याचे कारण काय?

रानवाटा
वसंतराव, छाटणी उचलण्याचा आपला मुद्दा अगदी रास्त आहे आणि त्याला उत्तर शोधावे लागेल. ड्युरांटाबद्दल मात्र मी असहमत आहे. ड्युरांटा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले झाड आहे. मोकळा वाढू दिला तर तो जांभळ्या फुलांनी आणि पिवळ्या फळांच्या घोसांनी लवतो आणि फुलांवर फुलपाखरेही येतात. (फळे माणसांना विषारी आहेत, मुलांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो.) पण महिन्यातून दोनदा कात्री फिरली की कळी धरणारा शेंडाच उरत नाही. मग फूल नाही, फळ नाही, आणि आतली फांदीही इतकी उघडी होते की घरट्याला आडोसा राहत नाही. आपण जे सांभाळत आहात ती पिवळी भिंत आहे, आणि भिंत तर मागे आधीच उभी आहे.

राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी असणे हे कुंपण न लावण्याचे कारण होऊ शकत नाही, उलट तेच लावण्याचे कारण आहे. बुलबुल, शिंपी, दयाळ, शिंजीर हे पक्षी जंगलाच्या काठावर आणि वस्तीत सारखेच वावरतात. काठावर झुडपे असली की ते पुढे वस्तीत सरकतात, आणि काँक्रीट असले की तिथेच थांबतात.

पर्णिका
मी पक्षी पाहते, त्यामुळे झाडाच्या नावापेक्षा कात्रीच्या वेळेबद्दल मला अधिक बोलायचे आहे. मुंबईतील बहुतेक संस्था मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीची कामे म्हणून, मोठ्या झाडांच्या फांद्यांबरोबर कुंपणही तासून घेतात. लालबुड्या बुलबुलाची घरटी फेब्रुवारी-मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत चालू असतात. शिंपी आणि ठिपकेवाली मुनिया यांचा भर पावसाळ्यात असतो, आणि मुनियाची पिल्ले कधीकधी ऑक्टोबरातही घरट्यात असतात. म्हणजे मे महिन्यातली कात्री नेमकी घरट्यांवरून फिरते. माझ्या माहितीतल्या एका संस्थेत माळ्याने कापलेल्या फांद्यांच्या ढिगात बुलबुलाची वाटी अंड्यांसकट सापडली होती. त्याला बिचाऱ्याला कोणी काही सांगितलेच नव्हते.

दुसरे असे की, करवंदाचे पान लहान आणि ताठ असते. ते बुलबुलाला आणि मुनियाला चालते, पण शिंप्याला चालत नाही. शिंप्याचे घरटे ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना याचे कारण लगेच कळेल. तो रुंद, लवचिक पान निवडतो, दोन्ही कडांना चोचीने बारीक भोके पाडतो आणि कोळ्याच्या जाळ्याचा धागा किंवा कापसाचा तंतू त्यांतून ओवतो. बाहेरच्या बाजूला तंतू पिंजून त्याचा बोंडासारखा गोळा होतो, म्हणून टाका निसटत नाही. पानाच्या त्या द्रोणात आत सावरीचा कापूस अंथरलेला असतो. पान जिवंत राहते, हिरवे राहते, आणि एका हातावरून गेलात तरी घरटे दिसत नाही. असे पान अडुळशाचे किंवा लिंबाचे असू शकते, करवंदाचे नाही. तेव्हा ७० फूट सलग एकच झाड लावू नये, एवढे माझे सांगणे आहे.

घोडबंदरची_फुलपाखरू
पर्णिकाताईंशी पूर्ण सहमत. बहुतेक लहान पक्ष्यांची पिल्ले नुसत्या फळांवर वाढत नाहीत, ती अळ्या-किड्यांवर वाढतात, म्हणून अळ्यांचे खाद्य असलेली झाडे त्या पट्टीत हवीतच. कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मनच्या अळ्या हमखास येतात. लिंबाच्या जातीच्या झाडांवर लाइम बटरफ्लाय येते आणि नशीब असेल तर राणी पाकोळीही, म्हणजे ब्लू मॉर्मन, जिला २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळाला. कोरांटीच्या कुळातल्या झाडांवर पॅन्सी जातीची काही फुलपाखरे अंडी घालतात, आणि कोरांटीला स्वतःचे काटेही असतात. भिंतीवर चढवायला वाघाटी लावावी. ती काटेरी वेल आहे, तिच्यावर ग्रेट ऑरेंज टिपच्या अळ्या वाढतात, आणि आषाढी द्वादशीला उपास सोडताना वाघाट्याची भाजी करण्याची आपल्याकडे रीत असल्यामुळे समितीतली वडीलधारी मंडळीही खूश होतील. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर ठाण्यात ओवळेकर वाडी आहे, किंवा माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, जे एके काळच्या कचराभूमीवर उभे केले आहे. पाने खाल्लेली दिसली की माळी औषध मारतो, तेवढे मात्र थांबवावे लागेल, नाहीतर सगळी खटपट वाया जाईल.

सुहास_चेंबूर
फुलपाखरेच हवी असतील तर घाणेरी लावा, फुकट मिळते, मरत नाही, आणि फुलपाखरांची नुसती झुंबड उडते.

रानवाटा
सुहासदादा, घाणेरीवर मोठी फुलपाखरे मध प्यायला येतात हे खरे आहे, पण पक्षी तिची फळे खाऊन बी जंगलात नेऊन टाकतात, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर राहून घाणेरी पेरणे म्हणजे वनखात्याचे काम वाढवणे होय. जंगलात ती माजली की खालचे गवत आणि झाडांची रोपे दबून जातात. मुलुंडला तर नकोच. झटपट हिरवेगार दिसते म्हणून कोनोकार्पस लावण्याचा सल्लाही कोणी देण्याआधीच सांगतो: गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

नलिनी_दहिसर
मला सापांबद्दल विचारायचे आहे. आमच्याकडे पावसाळ्यात घोणस निघाली होती, आणि तेव्हापासून झाडी म्हटले की लोकांच्या पोटात गोळा येतो. ही भीती निराधार आहे असे कोणी म्हणू नये.

धामणमित्र
नलिनीताई, भीती निराधार नाही. घोणस विषारी आहे, मुंबईच्या डोंगरालगतच्या वस्त्यांत ती आढळते आणि पाचोळ्याच्या रंगात सहज मिसळून जाते. मात्र साप झुडपासाठी येत नाही, तो उंदरासाठी येतो, आणि उंदीर येतो तो कचऱ्यासाठी. ज्या संस्थेत ओला कचरा उघड्या डब्यात असतो तिथे ड्युरांटाच्या पिवळ्या भिंतीखालीही साप निघतात. करायचे ते असे: कुंपणाच्या बुडाचा पहिला वीतभर भाग फांद्या काढून मोकळा ठेवावा, म्हणजे जमीन दिसत राहील. विटा, फरशा आणि भंगार यांचे ढीग तिथे ठेवू नयेत. रात्री त्या बाजूने जायचे असेल तर विजेरी न्यावी आणि पायात बूट असावेत. दिसलेला प्रत्येक साप मारण्याचा प्रयत्न करू नये, कारण पुष्कळदा ती उंदीर खाणारी बिनविषारी धामण असते. शंका असेल तेव्हा लांबूनच लक्ष ठेवून वनखात्याला किंवा अनुभवी सर्पमित्राला बोलवावे.

पर्णिका
बुडाचा भाग पूर्ण झाडून काढण्याला मात्र माझा विरोध आहे. दयाळासारखे पक्षी पाचोळ्यात किडे शोधतात. तो नाहीसा केला तर अर्धे कुंपण उपाशी पडेल.

धामणमित्र
मग पाचोळा भिंतीच्या बाजूला राहू द्यावा आणि चालण्याच्या बाजूची पट्टी स्वच्छ ठेवावी. ४ फूट रुंदीत एवढे सहज जमते. फाटकापाशी आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपाशी मात्र मी तडजोड करणार नाही.

वसंत_कांदिवली
आणि डास?

घोडबंदरची_फुलपाखरू
डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, पानांत घालत नाही. कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर आणि झाकण नसलेल्या टाक्या आधी तपासाव्यात. दिवसा सावलीसाठी डास दाट झाडीत बसतात, हे मात्र कबूल करायला हवे, म्हणून तळमजल्याच्या खिडक्यांना लागून कुंपण नेऊ नये. मुलुंडकरांची पट्टी मागच्या भिंतीला आहे, त्यामुळे तिथे ही अडचण फारशी येणार नाही.

मुलुंडकर (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. एक माहिती द्यायची राहिली होती. पट्टीच्या उत्तरेकडच्या साधारण ४० फुटांना दुपारपर्यंत चांगले ऊन मिळते, आणि उरलेल्या ३० फुटांवर दिवसभर इमारतीची सावली असते. शिवाय एका कोपऱ्यातून पाण्याच्या टाकीची जमिनीखालची जलवाहिनी जाते. काही सभासदांना बिबट्याचीही काळजी वाटते, कारण पलीकडच्या उतारावर तो अधूनमधून दिसतो.

देवगडचा_गडगा
सावलीत करवंद लावू नका. झाड जगेल, पण उंच आणि विरळ होईल आणि फळ धरणार नाही. उन्हाच्या ४० फुटांत ते लावा. सावलीकडे अडुळसा चांगला, फांदी खोचली तरी लागतो आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत. मधूनमधून कढीपत्ता आणि कोरांटी घालावी. जलवाहिनीवर मात्र काहीच लावू नका, उद्या गळती निघाली की तुमच्या कुंपणावर पहिली कुदळ तिथेच पडेल.

रानवाटा
बिबट्याला कमरेएवढ्या वईत लपण्यासारखे काही नसते. तो वस्तीकडे येतो तो भटक्या कुत्र्यांच्या मागे, आणि कुत्री येतात कचऱ्याच्या मागे. धामणमित्रांनी सापांबद्दल जे सांगितले तेच येथेही लागू आहे. भिंतीपलीकडे एवढी करवंदे आहेत म्हणून माळ्याला तिकडून रोपे उपटून आणायला सांगू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. राष्ट्रीय उद्यानातून झाडे काढणे हा वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

गोरेगावचा_गप्पिष्ट
कुंपण दाट व्हायला तीन वर्षे लागणार, आणि मुंबईत तेवढ्या काळात पुनर्विकासाचे पत्र येते. करवंदांनाही पर्यायी जागा आणि भाडे मिळेल, असे करारात घालून घ्यावे.

वृंदा_लीड्स
गप्पिष्ट, हसू आले, पण तुमच्या विनोदाने मी मूळ प्रश्नाकडे परत आले. मुलुंडकरांना हॉथॉर्न मनात भरला तो त्याच्या फुलाफळांमुळे. पण येथेही प्रत्येक हॉथॉर्नला फळे येत नाहीत. फुले आदल्या वर्षीच्या फांदीवर येतात. त्यामुळे जे शेतकरी दर वर्षी ट्रॅक्टरला यंत्र लावून कुंपण चौकोनी तासतात, त्यांच्याकडे मैलभर हॉथॉर्न असूनही हिवाळ्यात मोजकीच फळे दिसतात. दोन-तीन वर्षांआड छाटणाऱ्यांच्या फांद्या फळांनी वाकतात. झाड तेच, फरक छाटणीचा. घरट्यांच्या काळात, म्हणजे साधारण मार्च ते ऑगस्ट, कुंपण छाटू नये असा येथे दंडक आहे, आणि वापरातले घरटे जाणूनबुजून मोडणे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. पर्णिकाताई मे महिन्याबद्दल जे म्हणाल्या ते वाचताना मला हेच आठवत होते. तुम्ही करवंद लावून त्याला ड्युरांटाचेच वेळापत्रक लावले, तर तीन वर्षांनी तुमच्याकडे काटेरी ड्युरांटा असेल.

देवगडचा_गडगा
अगदी बरोबर. करवंदालाही फुलोरा शेंड्याकडे येतो. हिवाळा सरताना कापले की त्या वर्षीचे फळ गेले.

पर्णिका
मग मुंबईसाठी वेळापत्रक असे असावे: पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत एकदाच छाटणी. एका वर्षी रस्त्याकडची बाजू आणि पुढच्या वर्षी भिंतीकडची. कात्री लावण्यापूर्वी माळ्याने फांद्या हाताने बाजूला करून पाहावे, आणि चालू घरटे दिसले तर त्याच्या दोन्ही बाजूंचा भाग तसाच सोडावा. मधल्या काळात कोणाच्या अंगाला काटा लागेल अशी बाहेर आलेली फांदी तेवढी तोडण्यास माझी हरकत नाही.

वसंत_कांदिवली
वर्षातून एकच छाटणी असेल तर खर्चाचा हिशेब बदलतो, हे मी मान्य करतो. पण छाटलेल्या काट्यांचे काय करायचे, याचे उत्तर अजून मिळालेले नाही. भिंतीशी ढीग रचा असे कोणी सुचवू नये, कारण उन्हाळ्यात एक सिगारेट पडली की ते पेटेल.

देवगडचा_गडगा
सचिवसाहेब, चामड्याचे हातमोजे आणि लांब दांड्याची कात्री संस्थेने विकत घ्यावी, हा खर्च माळ्यावर टाकू नये. फांद्या ओल्या असतानाच कोयत्याने वीत-वीतभर तोडून गोणपाटात भराव्यात. प्लास्टिकच्या पिशवीतून काटा बाहेर येतो, गोणपाटातून सहसा येत नाही. गोणीवर ‘काटे’ असे ठळक लिहावे आणि पालिकेच्या गाडीवाल्याला आधी सांगून ठेवावे. गावाकडे आम्ही हीच शिरी पुन्हा गडग्यावर रचतो, पण तुमच्या भिंतीवर आधीच काचा लावलेल्या असतील.

मुलुंडकर (धागाकर्ता)
काचा आहेत.

समितीपुढे मी असा प्रस्ताव ठेवतो आहे: उन्हाच्या बाजूला दोन ओळींत करवंद, सावलीकडे अडुळसा, कढीपत्ता आणि कोरांटी, एका खांबावर वाघाटी, जलवाहिनीची जागा मोकळी, औषधफवारणी बंद, आणि छाटणी पर्णिकाताईंच्या वेळापत्रकाप्रमाणे. एका सभासदाने ‘निदान समोरून तरी सरळ रेषेत कापा’ असा आग्रह धरला आहे, त्यावर अजून वाद चालू आहे. करवंदाची रोपे किती अंतरावर आणि नेमकी कधी लावावीत?

देवगडचा_गडगा
अडीच फुटांवर एक रोप, दुसरी ओळ पहिलीच्या मधल्या जागांसमोर, म्हणजे ४० फुटांत तीस-बत्तीस रोपे बसतील. खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. आतली डेब्रिज काढून टाका, मुंबईत भिंतीकडेला माती कमी आणि विटांचे तुकडेच जास्त निघतात. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते, पण तारखेला लावू नका. दोन-तीन चांगल्या सरी होऊन जमीन आतपर्यंत भिजली की लावा. पाणी साचत असेल तर माती वीतभर उंच करून घ्या, कारण करवंदाला कोरडे चालते, बुडाशी तुंबलेले पाणी चालत नाही. रोप लागून नवी पालवी आली की शेंडा खुडा, वृंदाताईंच्या हॉथॉर्नप्रमाणेच, म्हणजे बुडापासून फुटवे येतील. पहिली दोन वर्षे वाढ सावकाश होते. त्या काळात सभासद तुम्हाला रोज विचारतील की पैसे कुठे गेले.

वसंत_कांदिवली
सरळ रेषेबद्दल माझे मत विचारले नाही, तरी सांगतो. समोरून दोरी लावून एक रेषा ठेवा आणि वरून व मागून झाडाला मोकळे सोडा. सभासदांना समोरचेच दिसते.

पर्णिका
वसंतकाका, समोरची बाजू आड वर्षाने कापायची असेल, तर या रेषेला माझी हरकत नाही.

वसंत_कांदिवली
आड वर्षाने मान्य. आमच्या संस्थेतही फाटकाजवळची एक १० फुटांची पट्टी रिकामी आहे. तिथे ऊन दुपारनंतरचे आहे. करवंद चालेल का?

देवगडचा_गडगा
दुपारनंतरचे चार-पाच तास ऊन असेल तर चालेल. पण फाटकाजवळ म्हणता, तर काटा नको, तिथे कढीपत्ता लावा. फक्त घराघरांतून रोज फोडणीसाठी किती तोडला जाईल, त्याची तजवीज आधी करा.